ओढ्याकडची वाट

बैठक सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती आणि गौतमीचा चहा निवत चालला होता, तेव्हा पडद्यावर तो नकाशा आला. नकाशा तिच्या ओळखीचाच होता. गेली अडीच वर्षं शिरूरच्या या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीकडे पाठ करून, मोबाइलवरच्या एका खेळासाठी तिनं तो घडवला होता. डोंगर, खोरं, सात गावं, नदीचा उतार आणि या सगळ्यांना ओवत जाणारी एक लांबच लांब वाट. पण आज त्याच्यावर रंग सांडले होते. चाचणीला बसवलेली दोनशे माणसं खेळात कुठं कुठं गेली आणि कुठं रेंगाळली, ते त्या रंगांवरून कळायचं. जास्त माणसं थांबली तिथं लाल, थोडी थांबली तिथं पिवळं. बाजारपेठ लाल होती, होड्यांचा धक्का लाल होता, किल्ला तर नुसता भाजून निघाल्यासारखा. आणि तिची वाट काळी. तिसऱ्या गावाच्या ओढ्यापाशी तर इतकी काळी, की तिथं नकाशाला भोक पडलंय असं वाटावं.

"गौतमी, लोक चालत नाहीयेत गं," सत्यजीत म्हणाला. पुण्यातल्या त्या चौदा माणसांच्या कंपनीत तो तिचा वरिष्ठ होता. आवाजात दोष देणं नव्हतं. दवाखान्यातून रिपोर्ट आणलेल्या नातेवाइकासारखा तो जपून बोलत होता. "बटण दाबून धरतात, जासूद पळत सुटतो आणि हे टीव्हीकडे बघत बसतात. ओढ्यापाशी तर निम्मे जण खेळच बंद करतात. फास्ट ट्रॅव्हल टाकावंच लागेल. नकाशातल्या गावावर बोट ठेवलं, की क्षणात तिथं. शनिवारपर्यंत नवी प्रत द्यायचीय. आणि ओढ्याचा सगळा पट्टा काढून टाकू. फोनवर तसाही जड होतोय."

"जासूदच क्षणात पोचायला लागला तर त्याचं काम काय राहिलं?" गौतमी म्हणाली. "खेळाचं नावच जासूद आहे, सत्यजीत. थैलीत पत्रं घेऊन गावोगाव चालायचं, हाच तर खेळ आहे."

"खेळणारा जासूद नाहीये. संध्याकाळी सातला दमून घरी आलेला माणूस आहे तो. त्याच्याकडे चाळीस मिनिटं आहेत. त्यातली पंचवीस तू त्याला ओढ्याकाठी फिरवतेस."

"पण मग त्याला जग दिसणार कधी? ठिपक्यावरून ठिपक्यावर उड्या मारल्या तर मधलं सगळं..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. कुणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं. तिकडं कुकरची शिटी झाली, सगळे हसले आणि बैठक पुढच्या विषयावर गेली.

हेडफोन काढून ती तशीच बसून राहिली. डोळे मिटले तरी तो काळा पट्टा जाईना. मग त्या काळ्यातूनच हळूहळू वाळू दिसायला लागली. करंजाच्या सावलीतली, पायाला चटका न देणारी, नुसती कोमट वाळू. सात-आठ वर्षांची ती आणि पुढं सखूआत्या. आत्या मागं वळून बघायची नाही; एक हात मागं सोडून चालायची आणि त्या हाताचं एक बोट गौतमीच्या मुठीत असायचं. मे महिन्याच्या सुट्टीत तिचे वडील, आप्पा, तिला दौंडहून एस.टी.नं आपल्या जन्मगावाच्या फाट्यापर्यंत आणत, तिथंच राहिलेल्या आत्याच्या हवाली करत आणि तिथूनच उलट्या गाडीनं परत फिरत. फाट्यापासून आत्याच्या वस्तीपर्यंत मग ती वाट. आधी बांधाची उतरण, मग ओढा, मग ओढ्यातले दगड. दगडांना नावं होती. पाठीला पोक आलेली म्हातारी. एकमेकांना टेकून बसलेले नवरा-नवरी. पुढं बुटक्या. म्हातारीला हात लावल्याशिवाय पुढं जायचं नाही. नवरा-नवरीच्या मधून जाताना हसायचं नाही, हसलं की पुन्हा मागं जाऊन सुरुवात. वळणावर एक जागा अशी होती, की तिथं आत्या थांबायची आणि ओठांवर बोट ठेवायची. "आयक. हितं पानी बोलतंय." आणि पाणी खरंच बोलायचं. काय बोलायचं ते कळायचं नाही, पण आपल्याविषयीच काहीतरी बोलतंय असं वाटून गौतमीच्या मानेवर काटा यायचा. वर बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत असत, त्यांच्या सावल्या पाण्यात हलत असत, आणि पलीकडं, उंचावर, गावाची वेस दिसायची: काळ्या दगडांची कमान, नेहमी पाठमोरी. एकदा तिनं विचारलं होतं, "आत्या, त्या वेशीतनं जाऊया का?" आत्या म्हणाली होती, "आत काय न्हाई बघन्यासारखं." ते तिला पटलं होतं. पुढं कितीतरी वर्षं वेस म्हणजे नुसती उभी भिंत, तिच्या आत काही नसतंच, असंच तिच्या मनात बसून राहिलं. ती अकरा वर्षांची असताना आत्या गेली आणि त्या गावाला जाणंच संपलं.

तिसऱ्या गावाची वाट आखायला ती बसली, तेव्हा काही ठरवून बसली नव्हती. हात आपोआप चालला होता. उतरण आली, वाळू आली, दगड आले. पाण्याच्या बोलण्यासाठी तिनं एक अख्खा आठवडा घालवला, घोड नदीच्या काठी फोन धरून आवाज भरून आणले. वेस तिनं उंचावर उभी केली आणि तिला लाकडी दार लावून बंद करून टाकलं, म्हणजे खेळणारा मुकाट ओढ्याकडून जाईल. वेशीच्या आत तिनं काहीच केलं नव्हतं. नुसत्या पोकळ भिंती, लांबून घरं वाटतील अशा. वाट कुठून आली हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असंही तिला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सम्राट रांजणगावहून शिफ्ट संपवून आला, तेव्हा तिनं त्याला विचारलं. नवराच तो, उगीच बरं वाटावं म्हणून काही बोलणारा नव्हता. बूट काढता काढता म्हणाला, "खरं सांगू? मीपण तिथनं पळतच जातो. मला पत्र पोचवायचं असतं, गौतमी. तुझ्या रस्त्यावर राहायला जायचं नसतं." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "छान आहे तो. पण रोज कंपनीची बस दीड तास फिरवते. घरी येऊन पुन्हा तेच कोण करणार?" तिला राग आला आणि राग धरायला जागाही सापडेना. कारण सम्राट दमलेला होता हे खरं होतं, आणि सुगरणीची घरटी हलतात हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, हेही खरं होतं.

तेव्हा तिला आप्पा आठवले. शंकरराव त्यांचं नाव. चौतीस वर्षं ते रेल्वेत होते, त्यातली वीस की-मॅन म्हणून. खांद्यावर हातोडा, हातात लाल-हिरवी बावटी, आणि दौंडच्या पुढच्या आपल्या ठरलेल्या टापूत रोज पहाटेपासून एका रुळाच्या कडेनं जायचं, दुसऱ्या रुळाच्या कडेनं परत यायचं. रूळ आवळून धरणारी लोखंडी चावी निसटलेली दिसली की ठोकून बसवायची. एवढं चाललेला दुसरा माणूस तिच्या माहितीत नव्हता. चालण्याची किंमत त्यांना नाही कळायची तर कुणाला? साक्षीदार शोधावा तशी ती दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन दौंडला निघाली.

एस.टी.त बसताना तिनं ठरवलं, की आज फोन काढायचा नाही, सगळी वाट बघायची. न्हावऱ्यापर्यंत तिनं नेटानं बघितली. बाभळी, टायरची दुकानं, वाढदिवसाचे फ्लेक्स, पुन्हा बाभळी. एक म्हातारा बांधावर उभा राहून गाडीकडे बघत होता, तो तिला फार ओळखीचा वाटला. मग लक्षात आलं, की तसाच एक आपण खेळातल्या पाचव्या गावात उभा केलाय. पुढं कधीतरी तिच्या हातात फोन आला होता. कधी आला हे तिला कळलंही नाही. भीमेचा पूल केव्हा गेला ते समजलं नाही. कुरकुंभला शिफ्ट सुटलेली माणसं गाडीत चढली, त्या गलक्यानं तिची मान वर झाली, आणि मधले पंचवीस मैल कुठं गेले म्हणून ती दचकली. कुणी तरी नकाशावर बोट ठेवून आपल्याला इथं आणून सोडलं, असं वाटलं. आणि याचं फारसं वाईट वाटलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

आप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. रेल्वे क्वार्टर सोडल्यावर बांधलेलं हे घर लहान, पण पुढं अंगणाचा तुकडा होता. गुडघ्यांना आता पट्टे आले होते. "आलीस व्हय? गाडी टायमावर आली म्हनायची," एवढं बोलून ते उठायला लागले आणि उठेपर्यंत ती आत जाऊन आईच्या पाया पडून परतही आली. जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला, खेळायचा रिमोट आप्पांच्या हातात दिला, कुठला दांडा चालायचा आणि कुठला मान फिरवायचा ते सांगितलं. "आप्पा, तुम्ही फक्त चाला. ही पत्राची थैली पुढच्या गावाला न्यायचीय. लोक म्हणतात ही वाट लांब आहे, काढून टाका. तुम्ही बघा आणि सांगा."

"त्येंनी रूळ चालले ते काय हौसनं?" आई आतून म्हणाली. तिचं नाव ललिता. तिला या घरात सगळ्यात आधी सगळं ऐकू येई. "मानसाला बसायला मिळालं आसतं तर बसूनच गेलं आसतं की."

जासूद आधी भिंतीला धडकला, मग एका बैलगाडीवर चढला, मग जागच्या जागी गोल फिरत राहिला. आप्पा ओशाळून हसले. पण थोड्या वेळानं त्यांचा अंगठा बसला आणि जासूद चालू लागला. धावायचं बटण गौतमीनं मुद्दामच सांगितलं नव्हतं. आप्पांनी मान वर करायचा दांडा काही वापरला नाही. पडद्यावर फक्त जासुदाची पावलं आणि हातभर पुढची जमीन दिसत राहिली. सवयच ती. वीस वर्षं ते असेच, एक पाऊल पुढं बघत चालले होते. "ही खडी कुनी टाकली? बसल्याली न्हाई," ते मध्येच पुटपुटले आणि गौतमीला हसू फुटलं. खोली शांत होती. बाहेरून मालगाडी गेल्याची घरघर आली आणि विरली. पडद्यावर वाळू लागली. तिला वाटलं, आता आप्पांना दिसेल. आता पाणी बोलेल आणि आप्पा थांबतील, आणि म्हणतील, आगं, ही तर आपली सखूची वाट! ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. लहानपणी आत्यानं बोट ओठांवर ठेवलं की बघायची तसं.

पण आप्पा ओढ्यात उतरलेच नाहीत. काठावर जासूद थबकला. मग आप्पांनी दांडा हळूच वर केला, आजच्या दिवसात पहिल्यांदा, आणि पडद्यावर ती उंचावरची काळी कमान आली. जासूद वळला. चढ चढून वेशीपाशी गेला. बंद दाराला भिडला आणि तिथं नुसताच पावलं हलवत राहिला.

"हितनं का जाता येत न्हाई?"

"ते बंदच ठेवलंय, आप्पा. सरळ गेला तर दोन मिनिटांत गाव संपेल. ओढ्याकडनं जावा म्हणून."

"बंद कुनी केलं?"

"मीच."

आप्पांनी पुन्हा दांडा पुढं ढकलला. जासूद पुन्हा दाराला लागला. लाकडावर आपटल्याचा बारीकसा आवाज यायचा, तो तिनंच घातला होता. आता तो सारखा येत राहिला. मग आप्पांनी रिमोट मांडीवरून काढून खाली ठेवला, पालथा.

"तुला ही वाट कुनी सांगितली?"

"कुणी नाही. आत्याच्या गावची आहे. मला आठवली तशी केली. एवढी सुंदर वाट मी परत कुठं बघितली नाही, आप्पा."

"सुंदर व्हती," आप्पा म्हणाले. त्यांनी गुडघ्यावरचा पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. "पन ती आमची वाट न्हवती, पोरी. ती आमाला नेमून दिल्याली वाट. वेशीतनं फाटा धा मिन्टांवर. आन् ओढ्यानं पाऊन तास. आपल्या मानसानं वेशीतनं जायचं न्हाई. सखू मला फाट्यावरच्या साळंला सोडायची तवा मी सा वर्साचा. रोज रडायचो, सरळ जाऊ म्हनून. येक दिस तिचा हात सोडला आन् पळतच शिरलो वेशीत."

"मग?"

"मग काय. मला कुनी हात लावला न्हाई, मी ल्हान. सखूला मारलं. तेरा वर्साची पोर ती. तू सांबाळायला पायजे व्हतं म्हनले. चावडीफुडं." आप्पांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही, रुळाची चावी कुठं निसटली होती ते साहेबाला सांगावं तसा होता. "दुसऱ्या दिशी मी ओढ्यात पाय घालीना. भ्यालो व्हतो. तवा तिनं पैल्यांदा त्या दगडाला म्हातारी म्हनली. हात लाव म्हनली, आशीर्वाद देती. मग रोज येक नवीन. पानी बोलतंय, हसायचं न्हाई... मला फुडं न्यायसाठी. तिच्या व्हटावरचा घाव बरा होईस्तवर निम्म्या ओढ्याला नावं देऊन झाली व्हती."

गौतमीला वाटलं आपण कुठूनतरी उंचावरून खाली येतोय आणि पाय टेकायला जमीन सापडत नाहीये. कोमट वाळू होती, घरटी होती, मुठीतलं बोट होतं. त्यातलं काहीच खोटं ठरलं नव्हतं. फक्त त्या बोटाच्या पुढं चालणारी आत्या एकाएकी तेरा वर्षांची झाली होती आणि तिचा ओठ सुजलेला होता. आणि स्वतः गौतमी गेली अडीच वर्षं काय करत होती? दार बंद करून घ्यायचं आणि लांबच्या वाटेवर माणसाचं मन रमावं म्हणून दगड मांडायचे, पाणी बोलतं करायचं. आत्यानं एका रडणाऱ्या पोरासाठी केलं, ते आत्याला करावं लागलं. आपल्याला कुणी सांगितलं होतं? दार बंद करणारा हात आपलाच होता, याची तिला आता शिसारी आली. निम्मे जण तिथं खेळ बंद करतात, असं सत्यजीत म्हणाला होता. आळशी म्हणून ती त्यांच्यावर चिडली होती. त्यांतल्या एखाद्यानं तरी दाराला दोनदा धडक दिली असेल आणि मग पडदा मिटला असेल.

"मग आता? आताही जाऊ देत नाहीत?" तिनं विचारलं आणि विचारताना आपल्या अडाणीपणाची लाज वाटली.

"छ्या. कवाच मोडलं ते. आता आपली पोरं पंचायतीत हायेत. वेशीला दार बी न्हाई. पन सखू काय त्यातनं गेली न्हाई कधी. सवय म्हन, न्हाईतर हट म्हन. आन् मी फाट्यावरनंच फिरायचो." ते थांबले. "तुला सांगितलं न्हाई. तू सुट्टीला जायचीस, हसत यायचीस. तिच्या वाटंला कशाला मोडता घालू?"

शुक्रवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून तिनं सत्यजीतला फोन लावला. आधी कामाचं बोलली. फास्ट ट्रॅव्हल टाकते, पहिल्या दिवसापासून, काही अट न घालता. ज्याला जिथं जायचं त्यानं तिथं जावं. पण तिसऱ्या गावाची वेस उघडायचीय. आतून सरळ गल्ली काढायचीय. आणि ओढाही ठेवायचाय. कुणाला हौस असेल तर जाईल.

"दोन्ही बसणार नाहीत, गौतमी. फोन बंद पडतील. गल्ली किंवा ओढा. आणि ओढा काढायचाच म्हटल्यावर गल्लीचा हट्ट कशाला? दार तसंच राहू दे की. सजावट म्हणून."

अंगणातल्या तारेवर आईनं धुणं टाकलं होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं. कंपनीत चार वर्षं झाली होती; आडनाव सगळ्यांना माहीत होतं, त्यापलीकडं कधी कुणी बोललं नव्हतं, तीही नव्हती. "सत्यजीत, ती वाट माझ्या आत्याच्या गावची आहे," ती म्हणाली. "आमच्या माणसांना वेशीतून जाऊ देत नसत. म्हणून ओढ्याकडून जायचे. मला हे कालपर्यंत माहीत नव्हतं. माहीत नसताना मी तेच दार बंद करून ठेवलं. ते मला असं ठेवता येणार नाही."

फोन कटला की काय म्हणून तिनं बघितलं. मग सत्यजीत म्हणाला, "आमच्या गावालाही वेस आहे." पुढं काही बोलेल म्हणून ती थांबली. तिकडून घसा साफ केल्याचा आवाज आला. "कर तू. उद्या संध्याकाळपर्यंत दे. काही लागलं तर मी बसलोय."

तिनं दुपारी आप्पांना सांगितलं, की ओढा जाणार. आप्पा कळवळले. "आगं, सखूची वाट कशाला मोडतीस? र्‍हाऊ दे दार. खेळच हाय त्यो."

"दोन्ही मावत नाहीत, आप्पा."

काढायच्या आधी तिनं दगडांची यादी उघडली आणि त्यांना एकेक वाचून दाखवला. म्हातारी. नवरा-नवरी. बुटक्या. आप्पा मान हलवत होते. मग म्हणाले, "येक ऱ्हायला. पान्यातला, चपटा. त्याचं नाव शंकऱ्या. मी त्याच्यावर रुसून बसायचो." गौतमीला असा दगड आठवत नव्हता. आत्यानं तिला त्यावर कधी बसवलं नव्हतं, नावही सांगितलं नव्हतं. तिनं तो त्या क्षणी घडवला, आप्पांनी हातानं दाखवला तेवढा, आणि पाण्यात ठेवला. दोघं थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले. पाणी त्याच्या कडेनं वळून जात होतं. मग तिनं सगळा पट्टा निवडला आणि काढून टाकला. वाळू गेली, करंज गेला, घरटी गेली. पडद्यावर एक करडं मैदान उरलं. चूक केली की बरोबर, हे तिला सांगता आलं नसतं. फास्ट ट्रॅव्हलनं खेळ मरतो की जगतो, हेही आता तिला छातीठोक सांगता आलं नसतं. क्षणात पोचणारी माणसं मधलं जग हरवून बसतात हे खरंच होतं. आणि पाऊण तास चालायला लावलेल्या पोरीला कुणी नकाशा दिला असता, तर तिनं पहिलं बोट कुठं ठेवलं असतं, हेही तिला दिसत होतं.

शनिवारी दुपारपर्यंत गल्ली झाली. देखणी काही झाली नाही. वेळच नव्हता. देवळाचा पार, तेलाचा घाणा, एक बांधलेली म्हैस, चावडी, ओट्यांवर बसलेली माणसं. ही माणसं कंपनीच्या साठ्यातली, तयार. कुणी जवळून गेलं, की मान वळवून बघत राहणारी. गौतमीनं पहिली फेरी स्वतः मारली आणि ओट्यावरची सगळी डोकी एकदम आपल्याकडे वळलेली बघून तिचा हात थांबला. मग एकेका माणसाची मान तिनं सोडवून घेतली. कुणी सुपारी कातरत राहिलं, कुणी दोर वळत राहिलं. जाणारा जाईल. कुणी वळून बघायचं नाही.

चार वाजता तिनं रिमोट आप्पांच्या हातात दिला. वेशीला दार नव्हतं. आप्पांनी जासुदाला कमानीखाली नेलं आणि थांबले. अंगठा दांड्यावर होता, पण दांडा हलत नव्हता. कमानीची सावली जासुदाच्या पाठीवर पडली होती. मग आप्पांनी दुसरा दांडा वर केला, जमीन पडद्याखाली गेली आणि समोर अख्खी गल्ली उभी राहिली, थेट दुसऱ्या टोकाच्या उजेडापर्यंत. जासूद चालायला लागला. पळाला नाही. म्हशीपाशी रेंगाळला, पाराला वळसा घालून पुन्हा मध्यावर आला. चावडीसमोर आप्पांनी त्याला पुरता गोल फिरवून चारी बाजू बघितल्या. सुपारी कातरणारा कातरत होता. आप्पांचे ओठ किंचित हलत होते. ते मोजत होते, की कुणाशी बोलत होते, ते तिला कळलं नाही. जासूद पलीकडच्या टोकाला उजेडात बाहेर पडला.

"संपली व्हय?"

"संपली, आप्पा. एवढीच आहे."

"आन् माघारी कसं यायचं?"

"नकाशा उघडा. हे बटण. अलीकडच्या ठिपक्यावर आणून दाबलं, की क्षणात इकडं."

आप्पांनी नकाशा उघडला. सात गावांचे सात ठिपके त्यांनी चष्मा सारखा करून बघितले. मग नकाशा मिटला, आणि जासुदाला वळवून पुन्हा गल्लीतून चालतं केलं.

आतून आईनं हाक मारली, "अहो, च्या गार हुतोय. येताय नव्हं?"

"आलो आलो," आप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "चावडीपाशी हाय."